रक्ताचा कागद आणि हृदयाचे दुखणे

देवणीचे नाव निघाले की बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा बैल आठवतो. वानेरा, शेवरा आणि बालंक्या अशी आमच्या देवणी जनावरांची तीन रूपे सांगतात. कोणाचे तोंड काळे, कोणाच्या अंगावर काळे ठिपके, तर कोणी अंगभर पांढरा. बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी आधी काय करतो? बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळलेला आहे, यावरून त्याला वयाचा अंदाज येतो. परंतु दात पाहून लगेच कोणी पैसे मोजत नाही. खूर पाहतात, खांदा पाहतात, चार पावले चालवून पाहतात. आणि विकणारा तयार असेल तर गाडीला जुंपूनही पाहतात. कारण दात ही खूण आहे. खुणेवरून वय कळते, जोर कळत नाही.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते अशाच काही खुणांविषयी. या खुणा माणसाच्या रक्तात असतात, आणि त्यांवरून हृदयाच्या धमन्यांचे दुखणे किती वाढले आहे याचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न डॉक्टर करीत असतात.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. पण आपल्याकडे शिकलेला माणूस दिसला की लोक त्याच्याकडे कागद वाचायला आणतात. पूर्वी कोर्टाची नोटीस असे, बँकेचे पत्र असे. आता रक्ताचा रिपोर्ट असतो. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचा आणि बाईंचा अनुभवही हाच असेल. “सर, हे बघा की, ह्यात काय लिवलंय?” असे म्हणून माणूस कागद पुढे करतो आणि आपल्या तोंडाकडे पाहत बसतो. अशा वेळी आपण काय सांगतो, याला फार महत्त्व आहे. आकड्यापुढे ठळक खूण दिसली म्हणून एखादा घाबरतो, झोप घालवून बसतो. दुसरा मात्र “रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता काही होत नाही” असे म्हणून छातीतली कळ अंगावर काढतो. या दोघांत जास्त धोक्यात कोण, तर दुसरा.

आता मूळ दुखणे काय ते थोडक्यात पाहू. हृदय अवघ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते आणणाऱ्या धमन्या हृदयाच्या बाहेरून मुकुटासारख्या पसरलेल्या असतात. या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी साचते, तिच्याभोवती सूज येते, आणि आत एक पुटकुळी तयार होते. ती हळूहळू वाढली तर धमनी अरुंद होते. चढ चढताना, ओझे उचलताना छाती भरून येते. पण कधी कधी ही पुटकुळी एकाएकी फुटते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, धमनी बंद होते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जी पुटकुळी फुटते ती नेहमी सर्वांत मोठी असतेच असे नाही. अर्धीअधिक मोकळी असलेली धमनीही अशी एकाएकी बंद पडू शकते.

म्हणूनच “दुखणे किती गंभीर?” हा एक प्रश्न दिसला तरी वस्तुतः ते तीन प्रश्न आहेत. धमन्या किती अरुंद झाल्या? हृदयाच्या स्नायूची नासाडी किती झाली? आणि पुढे झटका येण्याची शक्यता किती? या तिन्ही प्रश्नांना रक्ताच्या वेगवेगळ्या तपासण्या वेगवेगळी उत्तरे देतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की घोटाळा झालाच म्हणून समजा.

शेतकऱ्याला समजेल असे सांगायचे तर, कडब्याच्या गंजीला आग लागली आहे की नाही हे तीन गोष्टींवरून पाहतात. गंज किती मोठी आणि किती वाळलेली आहे, धूर निघतो आहे का, आणि राख पडली आहे का. रक्ताच्या तपासण्याही अशाच तीन तऱ्हांच्या आहेत.

पहिली तऱ्हा गंजीची, म्हणजे जळणाची. रिपोर्टावर कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड असे शब्द दिसतात ते या जातीचे. एलडीएल म्हणजे चरबी धमनीच्या भिंतीपर्यंत वाहून नेणारी गाडी. हिचे प्रमाण जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षे, तितकी भिंतीत चरबी अधिक. रक्तातले एलडीएल शरीर कसे उचलते याचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे अशांचे एलडीएल १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली, आणि धोका फार असेल तर ५५ च्याही खाली आणावे असे डॉक्टर आता सांगतात. म्हणून प्रयोगशाळेने छापलेली “नॉर्मल” मर्यादा सर्वांना सारखी लागू पडत नाही. धडधाकट माणसाला चालणारा आकडा झटका येऊन गेलेल्या माणसाला चालत नाही.

याच तऱ्हेत साखरेची एक तपासणी येते. एचबीए१सी असे तिचे नाव. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरीने किती राहिली ते ती सांगते. आदल्या दिवशी उपास करून हिला फसवता येत नाही. ५.७ च्या आत ठीक, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, आणि मधला पट्टा सावध होण्याचा. आणखी एक खूण म्हणजे लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी १९६३ साली ती शोधली. ती आईबापांकडून येते आणि खाण्यापिण्याने फारशी बदलत नाही. म्हणून ही तपासणी आयुष्यात बहुधा एकदाच पुरते. घरात कोणाला ऐन उमेदीत झटका आला असेल तर तिच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुसरी तऱ्हा धुराची. शरीरात कोठेही सूज असली की यकृत सीआरपी नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते. १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते प्रथम सापडले. पुढे अधिक बारकाईने मोजणारी तपासणी निघाली. तिच्यात १ च्या खाली आकडा म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर अधिक असे धरतात. परंतु धुराचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. तो गंजीचाही असेल आणि शेजारच्या चुलीचाही असेल. हिरड्या सुजल्या, ताप आला, पायाला जखम झाली, तरी हा आकडा वाढतो. म्हणून सर्दी-तापात ही तपासणी करून हृदयाबद्दल निष्कर्ष काढू नये.

तिसरी तऱ्हा राखेची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. हृदयाचा स्नायू मेला की त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांतले पदार्थ रक्तात उतरतात. ते मोजले की नासाडी झाली आहे हे कळते. १९५४ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी एसजीओटी नावाचा पदार्थ झटक्यानंतर रक्तात वाढतो असे दाखवले. आजही हे नाव आपल्याला रिपोर्टात दिसते, पण यकृताच्या पानावर. कारण तो पदार्थ यकृतातही असतो. यकृत बिघडले काय किंवा हृदय बिघडले काय, आकडा वाढणारच. मग सीपीके-एमबी आली. ती अधिक नेमकी, पण तीही थोडीफार इतर स्नायूंत सापडते. अखेर ट्रोपोनिन हाती आले. जपानमधील सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात स्नायूतील या प्रथिनाचा शोध लावला होता. जर्मनीतील ह्यूगो काटुस यांनी १९८९ साली हृदयातील ट्रोपोनिन रक्तात मोजण्याची रीत पुढे आणली. आणि २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांनी झटक्याची नवी व्याख्या केली तेव्हा ट्रोपोनिनला पहिले स्थान दिले.

श्रोतेहो, येथे मी जरा थांबून सांगतो, कारण जीव जातात ते येथेच. ट्रोपोनिन रक्तात उतरायला वेळ लागतो. कळ सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्त दिले तर आकडा चांगला येऊ शकतो, आणि आत मात्र स्नायू मरत असतो. आग लागल्याबरोबर राख सापडत नाही, तसेच हे. म्हणून डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त घेतात, आणि पहिल्या व दुसऱ्या आकड्यात वाढ आहे का ते पाहतात. एक आकडा पुरत नाही. आकड्याची चाल पाहावी लागते. आणि ईसीजीच्या कागदावर धमनी बंद पडल्याची स्पष्ट खूण असेल, तर ट्रोपोनिनच्या उत्तराची वाटही पाहत नाहीत, लागलीच उपचार सुरू करतात. याउलट मूत्रपिंडाचा जुना विकार, फुप्फुसात गेलेली गुठळी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढते. आकडा वाढला म्हणजे धमनीच बंद आहे, असेही नाही.

या तीन तऱ्हांखेरीज बीएनपी नावाची एक खूण आहे. जपानी शास्त्रज्ञांना १९८८ साली ती डुकराच्या मेंदूत सापडली, म्हणून नावात मेंदू राहिला. पण ती मुख्यतः हृदयातूनच येते. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिचे प्रमाण वाढते. दमलेला बैल धापा टाकतो, त्यातलाच हा प्रकार. धमनी किती अरुंद आहे ते बीएनपी सांगत नाही. हृदय किती दमले आहे ते सांगते.

आता पहिला प्रश्न उरला. धमन्या किती अरुंद झाल्या? याचे नेमके उत्तर रक्त देत नाही. त्यासाठी धमनीत औषध सोडून क्ष-किरणांनी तिचे चित्र घ्यावे लागते. ही अँजिओग्राफी. १९५८ साली अमेरिकेत मेसन सोन्स यांच्या हातून हे औषध अनपेक्षितपणे कोरोनरी धमनीत गेले, रोगी वाचला, आणि नवी वाट खुली झाली. चित्र पाहून रोगाला गुण देण्याची एक रीत गेन्सिनी नावाच्या डॉक्टरांनी घालून दिली. शिक्षक मंडळींना ती आवडेल. धमनी २५ टक्के अरुंद असेल तर १ गुण, ५० टक्के असेल तर २, ७५ टक्क्यांना ४, ९० टक्क्यांना ८, ९९ टक्क्यांना १६ आणि पूर्ण बंद असेल तर ३२. शिवाय जागेप्रमाणे गुणाकार. डाव्या मुख्य धमनीच्या तोंडाशी अडथळा असेल तर पाचपट. या परीक्षेत अधिक गुण मिळवणारा नापास, एवढाच फरक.

जगभरच्या रुग्णालयांत असे अनेक अभ्यास झाले आहेत की, एका बाजूला हे गुण मांडायचे, दुसऱ्या बाजूला रक्तातला एखादा आकडा मांडायचा, आणि दोन्ही बरोबर वाढतात का ते पाहायचे. पुष्कळदा ते सरासरीने बरोबर वाढतात. मग वर्तमानपत्रात बातमी येते की रक्ताच्या एका थेंबावरून हृदयरोगाची तीव्रता कळणार! पण सरासरी आणि एकटा माणूस यांतला फरक आपण विसरता कामा नये. वर्गातली हजेरी आणि परीक्षेतले गुण सरासरीने बरोबर चालतात, हे कोणताही गुरुजी सांगेल. म्हणून काय हजेरीपुस्तक पाहून एका मुलाचे गणिताचे गुण लिहून टाकता येतील? रोज येणारा मागे पडतो आणि पेरणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस रानात जाणारा पुढे जातो, असेही आपण पाहतो. शंभर माणसांबद्दल खरे असलेले विधान समोरच्या एका माणसाला तसेच्या तसे लावता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे खुणेला कारण समजणे. याचे उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोच्या घरात. परंतु आपली बाळे वजनाने लहान असूनही त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह आणि हृदयविकार का गाठतात, याचा एक धागा येथे सापडला.

याच मंडळींनी खेडे, झोपडपट्टी आणि शहरातील मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढलेला होता. होमोसिस्टीन वाढलेल्यांना हृदयविकार अधिक होतो, असे अनेक देशांत दिसले होते. मग सोपा उपाय सुचला. जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या, होमोसिस्टीन उतरवा, झटके टळतील! त्याच २००६ साली नॉर्वेतील आणि कॅनडातून चालवलेल्या अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले. झटके मात्र कमी झाले नाहीत. धूर हाताने वारला म्हणून आग विझत नाही. बी-१२ ची उणीव भरून काढलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात. पण त्या गोळीने हृदयाचा विमा उतरवला, असे कोणी समजू नये. एलडीएलची गोष्ट वेगळी. स्टॅटिन गोळ्यांनी ते उतरवले की झटके खरोखर कमी होतात, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. म्हणून बरे वाटते म्हणून ती गोळी मनाने बंद करू नये.

रक्त न काढताही पुष्कळ कळते, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. सलीम युसुफ यांच्या पुढाकाराने ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २००४ साली आला. पहिल्या झटक्याच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा उलगडा नऊ गोष्टींनी होतो, असे त्यात दिसले. रक्तातली वाईट चरबी, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट, मनावरचा ताण, ताटात भाजी-फळांची उणीव, अंगमेहनतीचा अभाव, या त्यांतल्या मुख्य. यांतल्या चरबीला आणि साखरेला रक्त द्यावे लागते. बाकीच्यांना एक मोजपट्टी, रक्तदाबाचे यंत्र आणि खरे बोलणारी जीभ एवढे पुरे. याच अभ्यासात आपल्या भागातील देशांत पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ निघाले. इतर देशांत ते ५९ च्या घरात होते. म्हणजे मुलांची शिक्षणे, लग्ने व्हायची आहेत, कर्ज फिटायचे आहे, अशा वयात घरचा कर्ता पडतो. आणि तंबाखू ओढली नाही, नुसती चघळली, तरी धोका सुमारे दुपटीने वाढतो, असेही पुढे दिसले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी अजून सुटलेली नाही, हे आपण जाणताच.

एक शंका नेहमी निघते. चित्रात धमनी अरुंद दिसली की लगेच स्टेंट घालावाच का? झटका येत असताना बंद धमनी उघडणे हे जीव वाचवणारे काम आहे. त्यात घासाघीस नको. परंतु दुखणे स्थिर असेल तेव्हा गोष्ट निराळी. अनेक देशांतील, त्यांत भारतातीलही, पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. चांगली औषधे चालू असताना आरंभीच स्टेंट किंवा बायपास केल्याने छातीतली कळ कमी झाली. मृत्यू मात्र त्यामुळे घटले नाहीत. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असलेले रुग्ण त्यात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. म्हणून दुखणे स्थिर असेल तर “यामुळे माझी कळ जाईल की आयुष्य वाढेल?” असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

शेवटी, कागद वाचून देणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना तीन गोष्टी सुचवतो. कागद हातात आला की आधी माणसाकडे पाहा आणि विचारा, “मामा, तुम्हाला होतंय काय?” चालताना छाती दाटते का, घाम फुटतो का, कळ जबड्यात किंवा हातात उतरते का? बायांना आणि मधुमेही माणसाला कित्येकदा कळ येतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. “पित्त झालंय”, “गॅस धरलाय” यात तास घालवू नका. अशी लक्षणे आत्ता चालू असतील तर कागद बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात माणूस पोहोचवा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून लांब नेण्यापेक्षा रुग्णवाहिका बरी.

दुसरी गोष्ट, लक्षणे नसतील तर एका आकड्यावरून धीरही देऊ नका आणि भीतीही घालू नका. मागचा रिपोर्ट मागा, दोन्ही शेजारी ठेवा आणि आकडा चढतो आहे की उतरतो आहे ते पाहा. प्रत्येक वेळचा कागद पिशवीत जपून ठेवायला सांगा. कशाकशाच्या तपासण्या एकत्र करून स्वस्तात देतो म्हणणाऱ्याच्या मागे जाण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन-चार तपासण्या वेळेवर केलेल्या बऱ्या.

तिसरी गोष्ट पैशाची. मोठा खर्च निघाला की आपल्याकडे पहिली नजर गोठ्याकडे जाते. बैल सोडण्याआधी, सावकाराच्या दारी जाण्याआधी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो याची चौकशी करा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. एवढे काम शिकलेल्या माणसाने गावासाठी केले, तर त्याचे शिक्षण कारणी लागले असे मी म्हणेन.

रक्त बोलते, यात शंका नाही. परंतु ते विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलते. प्रश्न नीट विचारणे आपल्या हाती आहे.